जॉन्सन सिटी ते बार्शी, व्हाया वैराग

सोलापूरचा माणूस बार्शीला कामाशिवाय जात नाही. लग्न, कोर्टाची तारीख, तुरीचा भाव नाहीतर दवाखाना, यांतलं एखादं कारण हाताशी नसताना बार्शीच्या गाडीत चढणाऱ्याकडे आमच्या गावात संशयाने बघतात. पंढरपूरला जाण्यात पुण्य आहे, तुळजापूरला जाण्यात नवस आहे, अक्कलकोटला जाण्यात गुरुवार आहे. बार्शीला जाण्यात नुसतं काम. त्यामुळे अमेरिकेहून आलेला माझा भाचा बॅग उघडायच्या आधी "मामा, मला बार्शी बघायचीय" असं म्हणाला, तेव्हा त्याच्या आजीने आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

भाचा टेनेसी राज्यातल्या जॉन्सन सिटीत राहतो. ॲपलाचियन डोंगररांगांच्या पायथ्याचं हे गाव. २०२०च्या जनगणनेत वस्ती ७१ हजार, पण नावातच सिटी लावून घेतलेली असल्यामुळे कुणाला काही बोलता येत नाही. बार्शी २०११मध्येच लाखाच्या पुढे गेली होती, तरी सोलापुरात तिची ओळख अजून 'तालुक्याचं गाव' एवढीच. भाचा तिकडच्या विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं काहीतरी शिकवतो. नेमकं काय, ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. "डॉक्टर आहे, पण औषध देत नाही" असं ती पाहुण्यांना सांगते. त्याच्या वर्गात म्हणे दरवर्षी बार्शीचं नाव निघतं.

"आणि सोलापूरचं?" मी विचारलं.

"नाही निघत, मामा."

"चादरींचंसुद्धा नाही?"

"नाही."

त्या रात्री आमच्याकडे जेवणात कुणाचं फारसं लक्ष नव्हतं.

मी मोटार काढतो म्हटलं, तर त्याला एसटीच हवी. कारण असं, की तिकडे एकदा नॉक्सव्हिलहून परत येताना तो लांब पल्ल्याच्या बसने आला होता. रात्री बसने त्याला महामार्गालगतच्या एका पेट्रोल पंपाशी उतरवलं. स्टँड कुठे आहे म्हणून विचारलं, तर ड्रायव्हर म्हणाला, हाच. बाकडं नाही, चहा नाही, फलाट नाही, "येथे थुंकू नये" एवढीसुद्धा माणसाची चाहूल नाही. पंपावरच्या पोऱ्याने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की बसने येणारा माणूस तुरुंगातून सुटून आला असावा अशी तिकडची रीत असणार. आपल्याकडे १ जून १९४८ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली, तेव्हापासून एसटीतून उतरणाऱ्या माणसाकडे असं कुणी बघत नाही. उलट उतरल्या उतरल्या चार रिक्षावाले त्याला पाहुण्यासारखं धरून ठेवतात.

सोलापूरच्या स्टँडवर बार्शीची गाडी लागली. वेळेवर लागली, म्हणून तर जास्त धावपळ झाली. गाडी अजून मागे सरकत होती तेवढ्यात खिडक्यांतून आत पिशव्या गेल्या, टोप्या गेल्या, एक हेल्मेट गेलं आणि पाठोपाठ एक लहान मूलही गेलं. एसटीने निघालेल्या माणसाकडे हेल्मेट कशासाठी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. जागा धरायला बाकी महाराष्ट्र खिडकीतून रुमाल टाकतो. सोलापूर पडलं टॉवेलचं गाव. इथे टॉवेल टाकतात, आणि एका बऱ्यापैकी सोलापुरी टॉवेलात तीन माणसांची सीट झाकून वर आर्म-रेस्टलाही पांघरूण होतं. या कायद्याचं पुस्तक कुठे छापलेलं नाही, पण त्यातली कलमं सगळ्यांना पाठ असतात. टॉवेलपेक्षा पिशवी वरचढ. पिशवीपेक्षा मूल वरचढ. आणि "जरा सरक रे बाबा" म्हणत येणाऱ्या म्हातारीपुढे वरची सगळी कलमं रद्द.

भाचा दाराशी हात बांधून उभा होता.

"मामा, रांग कुठे आहे?"

"तूच आहेस रांग. चढ आता."

शेवटच्या सीटवर जागा मिळाली. तिथे बसलं की रस्त्याचं काम कुठल्या कंत्राटदाराने केलंय ते मणक्याला कळतं. आमच्या पुढच्या सीटवर धोतर, बंडी आणि पांढरी टोपी घातलेले एक आजोबा होते. शेजारी त्यांची कारभारीण, आणि दोघांच्या मध्ये एक गाठोडं. गाठोड्यालाही जवळजवळ एक अख्खी सीट लागत होती.

तिकिटाचं यंत्र घेऊन कंडक्टर आले आणि आपलं राज्य किती बदललंय ते माझ्या ध्यानात आलं. मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट. विद्यार्थ्यांना पास. कंडक्टर "अर्धं, अर्धं, फुकट, पास, अर्धं" करत मागे सरकत आले आणि आमच्यापाशी थांबून, गरजूला मदत करावी तशा आवाजात म्हणाले, "तुमचं पूर्ण का?" त्या गाडीत पूर्ण तिकीट काढणारे पुरुष म्हणजे आता अल्पसंख्याकच. समोरच्या कारभारणीने आपलं अर्धं तिकीट नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरून नीट घडी घालून ठेवलं. संसारात पहिल्यांदाच आपण स्वस्त पडलो, हे तिला त्यांना दाखवायचं असावं.

आजोबा मात्र फुकटवाल्यांत होते, आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं.

"मास्तर, माझं तिकीट?"

"आजोबा, तुमचं शून्य रुपयांचं. देतो की."

"शून्याचं का आसंना, छापून हातात द्या. फुकट बसून आला आसं गावात कुणी म्हणाया नगं."

यंत्राने शून्याचं तिकीट काढलं. आजोबांनी ते टोपीत ठेवलं आणि मोकळे होऊन मागे वळले.

"पाव्हणं कुठलं?"

अमेरिका म्हटल्यावर आपण दबून जातो तसे आजोबा दबले नाहीत. त्यांनी पगार, भाडं, लगीन आणि मुलगी कोणत्या गावची हे चार प्रश्न नेमक्या याच क्रमाने विचारले, आणि मग मुद्द्यावर आले. गाडी वडाळ्याच्या पुढे निघाली होती. डिसेंबर होता. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, मधे मधे तुरीचे पट्टे.

"तिकडं ज्वारी होती का?"

भाचा खुलला. "होते की आजोबा. टेनेसीत होते, शेजारच्या केंटकीत होते."

"मग भाकरी करत्याती?"

"भाकरी नाही करत. ताटं चरकात घालून रस काढतात, आटवतात आणि काकवी करतात."

आजोबांनी कारभारणीकडे बघितलं. कारभारणीने आमच्याकडे बघितलं. पलीकडच्या सीटवर झोपेचं सोंग घेतलेला एक तरुण उठून बसला.

"ज्वारीची काकवी?"

"ज्वारीचीच. गोड ताटाची जात असते."

"आन् कणसं?"

"कणसांशी त्यांना फारसं काम नसतं."

"मग खात्याती काय?"

"मक्याचा पाव. त्यावर ही काकवी ओतून."

आजोबा बराच वेळ खिडकीबाहेर उभ्या ज्वारीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ज्वारी प्यायची आन् मका खायचा. आरं, त्येंला सांगायला कुणीच गेलं न्हाई का?" मालदांडी ज्वारीच्या मुलखात जन्म काढलेल्या माणसाने अमेरिकेच्या शेतीवर याहून सौम्य शेरा मारणं शक्य नव्हतं. भाच्याने देशाची थोडी बाजू सावरायची म्हणून सांगितलं, की तिकडच्या जंगलात पॉपॉ नावाचं फळ होतं, आणि ते सीताफळाच्याच कुळातलं आहे. ही माहिती त्याने भलत्याच तालुक्यात दिली. पुढे वैरागपर्यंत आम्हाला सीताफळ शिकवण्यात आलं. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपट्यांनी 'एनएमके-१ गोल्डन' ही जात काढली. त्यात गर जास्त, बिया कमी, झाडावर उशिरापर्यंत टिकतं, आणि देशभर रोपं गेली. "तुमच्या पापाला बिया किती?" असं आजोबांनी शेवटी विचारलं. भाच्याने मोजल्या नव्हत्या. डॉक्टर असून औषध का देत नाही, ते आजोबांना तेव्हा कळलं असावं.

वैरागला गाडी थांबली. वैराग हे या रस्त्याचं मधलं स्टेशन. चहा, भेळ, फुटाणे, केळी आणि निम्मी गाडी रिकामी. आजोबा उतरले, गाठोडं उतरलं, शेवटी कारभारीण उतरली. उतरताना आजोबांनी भाच्याला हुरड्याचं आवतण दिलं. पत्ता म्हणून फक्त "कुणालाबी इचारा" एवढंच सांगितलं. भाच्याने फोनमध्ये तेच लिहून घेतलं.

वैरागच्या पुढे भाचा सारखा खिडकीतून डोंगर शोधायला लागला. बार्शी बालाघाटाच्या पायथ्याला आहे, हे त्याने नकाशात पाहिलं होतं. नकाशात बालाघाट ठसठशीत तपकिरी दिसतो. खिडकीतून मात्र ज्वारी, विहीर, बाभळ, आणि पुन्हा ज्वारी. बार्शीच्या स्टँडवर उतरल्यावर त्याने पहिल्या चहावाल्याला विचारलं, "डोंगर कुठे आहे हो?"

"कशाला पायजे?"

"बघायला."

चहावाल्याने गाळणी झटकत पूर्वेकडे बोट केलं. तिकडे क्षितिजावर एक निळसर रेघ होती, ढग म्हटलं तरी चालली असती. "त्यो काय. जवळून बघायचा आसंल तर येडशीला जावा, रामलिंगाला. तितं घाट हाय, जंगल हाय, माकडं हायती. आमी डोंगराकडं पाठ करून धंद्याला बसलोय." बार्शीबद्दल इतकं नेमकं वाक्य मी आजवर कुठल्या गॅझेटिअरमध्ये वाचलं नाही. हे गाव डाळीचं, ज्वारीचं, आडतीचं. सोलापूर जिल्ह्यात असूनही बार्शी मराठवाड्याच्या उंबऱ्यावर दुकान मांडून बसली आहे. आत येणाऱ्याचं धान्य घ्यायचं, बाहेर जाणाऱ्याला सामान विकायचं, आणि दोघांनाही चहा पाजायचा.

याच गावात १९१६ साली शाहीर अमर शेख जन्मले. नाव मेहबूब पटेल. डफ हातात येण्याआधी त्यांनी बसवर क्लीनरचं काम केलं, गिरणीतही राबले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्या आवाजाने मैदानं भरली. मला वाटतं, बसच्या दारात उभं राहून गावाचं नाव ओरडण्याची तालीम फुकट जात नसावी.

भगवंत मंदिर गावाच्या पोटात आहे. बाजारातून चालता चालता एकदम समोर येतं. हेमाडपंती बांधणी, चारी बाजूंनी दारं, आणि काळ्या पाषाणाची विष्णूची मूर्ती. बांधकाम १२४५ सालचं सांगतात. मूर्तीच्या मस्तकावर शिवलिंग, छातीवर भृगू ऋषींच्या पावलाची खूण, शेजारी अंबरीष राजा आणि पाठीमागे लक्ष्मी. व्यापारी गावाला लक्ष्मी पाठीशी असलेला देव मिळाला, याहून जास्त काय पाहिजे! गोष्ट अंबरीषाची आहे. राजा एकादशी करून द्वादशीला पारणं फेडायचा. दुर्वास ऋषी नेमके त्याच वेळी आले, अंघोळीला गेले आणि लवकर परतलेच नाहीत. राजाने तिथी टळू नये म्हणून घोटभर पाणी घेतलं, आणि दुर्वास चिडले. ते चिडले नसते तरच नवल. भक्तासाठी देव धावून आला, तो बार्शीचा भगवंत. म्हणून पंढरपूरची एकादशी झाली की कित्येक वारकरी द्वादशीला बार्शीला येतात, त्याशिवाय वारी पुरी होत नाही अशी श्रद्धा. थोडक्यात, उपवास पंढरपुरात आणि जेवण बार्शीत. दोन्ही गावांनी कामं वाटून घेतली, त्यात बार्शीच्या वाट्याला काय आलं ते बघा आणि मग तिथल्या व्यापाऱ्यांच्या हुशारीबद्दल बोला.

आमचंही पारणं तिथेच एका खानावळीत फिटलं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा. आमटीवर तेलाचा तवंग एवढा की भाच्याने त्यात स्वतःचा चेहरा बघून घेतला. पहिल्या घासाला तो गप्प झाला, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं, तिसऱ्याला मालकांनी न मागता ताकाचा पेला आणून ठेवला. मग म्हणाला, "मामा, आजोबांचं बरोबर होतं. त्या लोकांना सांगायला कुणीतरी जायला पाहिजे."

जेवण झाल्यावर स्टेशन. या स्टेशनसाठी भाचा सकाळपासून उतावीळ होता, कारण जॉन्सन सिटीलाही एके काळी एक अरुंद रुळांची आगगाडी होती. लोक तिला लाडाने 'ट्वीट्सी' म्हणायचे. ती १९५० साली बंद पडली. तिचं एक इंजिन १९५७पासून नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लोइंग रॉकजवळच्या एका करमणुकीच्या बागेत गोल गोल फिरतं. बागेत तिकीट काढून बसायचं, मग खोटे दरोडेखोर येऊन गाडी अडवतात आणि लोक खूश होऊन घरी जातात.

बार्शी लाइट या इथल्या अरुंद रुळांच्या गाडीचा इतिहास याहून भारदस्त आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर इकडे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला आला. मुख्य लोहमार्ग कुर्डुवाडीवरून निघून गेलेला आणि बार्शीची पेठ बाजूलाच राहिलेली, हे त्याने बघितलं. त्याने १८९५ साली लंडनमध्ये कंपनी काढली. मार्च १८९७मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी, २१ मैल, अडीच फुटी रुळांवर गाडी धावली. एकेका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, सगळ्या चाकांवर वजन सारखं वाटायचं, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जातो, असा त्याचा हिशेब. तो खरा ठरला. गाडी १९०६ला पंढरपूरला गेली, १९११ला लातूरला आणि १९२७ला मिरजेला. नमुना इतका आवडला की इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरमध्ये १९०४ साली याच धर्तीवर लीक अँड मॅनिफोल्ड नावाची गाडी काढली आणि एका इंजिनाला कॅलथ्रॉपचंच नाव दिलं. बार्शीने विलायतेला आगगाडी शिकवली, आणि ही गोष्ट मला टेनेसीहून आलेल्या माणसाकडून ऐकावी लागली. मॅनिफोल्डची गाडी तीस वर्षांत, १९३४ला, बंद पडली. बार्शी लाइट १९५४ला सरकारकडे आली आणि पुढेही अर्धं शतक चालत राहिली. २००८च्या सुमारास कुर्डुवाडी ते लातूर रूळ रुंद झाले, आणि आता स्टेशन चारचौघांसारखं दिसतं.

या कॅलथ्रॉपने उतारवयात अरबी घोडे पाळले, आणि विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट बनवलं. पहिल्या महायुद्धात ते वापरातही आलं. बार्शी लाइटमध्ये बसलेल्या माणसाला पॅराशूट का सुचावं, यावर स्टेशनबाहेरच्या टपरीवर दुमत नव्हतं. एका गृहस्थांनी सांगितलं, की लहानपणी ते चालत्या गाडीतून उतरायचे, शेतातला ऊस मोडायचे आणि पुन्हा त्याच डब्यात चढायचे. अशी आठवण बार्शीतल्या साठीच्या पुढच्या प्रत्येक माणसाजवळ निघते. एवढा ऊस मोडला असता तर जिल्ह्यात साखर कारखाना काढायला काही उरलंच नसतं, पण इतक्या चांगल्या गोष्टीत हिशेब काढू नये.

शेवटी भाच्याचं खरं काम. नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय. सकाळच्या गाडीत काही पिशव्यांतून एक्सरेचे मोठे लिफाफे डोकावत होते, ते आता इथल्या बाकांवर दिसले. त्यांतले दोघे-तिघे आमच्या ओळखीचे झालेले. एकाने विचारलं, "अमेरिकेत ज्वारी पित्यात म्हणं?" बातमी आमच्या आधी पोचली होती. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी इथे १९८७मध्ये सुरू झाली. डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या माणसांनी दवाखान्यात रुग्णाची वाट बघत न बसता गावोगाव जाऊन लोकांना गाठलं, रोग लवकर ओळखायला शिकवलं. पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजार बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी पाहणी झाली. तो रोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा केली तरी मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, हे त्यातून दिसलं. २००९ साली ते 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलं, आणि भाचा वर्गात शिकवतो ते हेच. तो बराच वेळ आवारात उभा राहिला. फोटो एकही काढला नाही. मग मला म्हणाला, "मामा, माझे विद्यार्थी विचारतात, बार्शी कुठे आहे? मी सांगतो, सोलापूरजवळ."

हे ऐकून सोलापूरकर म्हणून मला बरं वाटलं. निदान पत्त्यात तरी आमचं नाव निघतं.

परतीच्या गाडीत भाच्याने माझ्या आधी खिडकीतून टॉवेल टाकला, आणि दोन सीट धरल्या.

तुम्हाला जायचं असेल तर सोलापूर ते बार्शी अंतर सत्तर किलोमीटर आहे आणि वाटेत वैराग लागतं. पौषात जा, शेतात हुरडा असतो. आषाढी-कार्तिकीच्या द्वादशीला जाणार असाल तर बसायला जागा मिळेल ही आशा घरी ठेवून निघा. मे महिन्यात मात्र जाऊ नका. तेव्हा बार्शीकरसुद्धा बार्शीत नाइलाजानेच असतात.